गल्फकाकांचं कोलशायर

बोलण्याआधी ते उभे राहायचे. उभे तर असायचेच, पण पुन्हा एकदा, नीट. हाताला जे काही लांबट लागेल ते दोन्ही हातांत धरायचे. छत्री, गुंडाळलेलं वर्तमानपत्र, एकदा तर भाजीच्या गाडीवरची शेवग्याची शेंग. मग गुडघे किंचित वाकवायचे, कंबर जराशी हलवून जागेवर बसवायचे आणि समोर लांबवर बघायचे. लांबवर बघण्यासारखं आमच्या डोंबिवलीत काही नसतं. फार तर समोरच्या इमारतीची गच्ची आणि तिच्यावरची पाण्याची टाकी. तरी ते बघायचे. फटका मात्र कधी मारायचे नाहीत.

"आधी उभं राहता आलं पाहिजे, बाई," ते मला सांगायचे. "मारायला काय, कुणीही मारतं."

"काका," भाजीवाला म्हणायचा, "शेंग घेताय की खेळताय?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडून एक साधं उत्तर मिळवायला अख्खी संध्याकाळ जाते. नुसते शेजारी म्हणून ते वाट्याला येत होते तोवर मी हसून सोडून देत असे. पुढे त्यांच्या कंपनीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि माझं हसू संपलं.

ठाण्यात कोलशेतला खाडीच्या बाजूला त्यांचा कारखाना होता. तिथे गोल्फचं सामान तयार व्हायचं. आमच्या इमारतीत राहायला आले तेव्हा कुणीतरी विचारलं, कुठे असता? ते म्हणाले, "गोल्फमध्ये." ऐकणाऱ्याने "गल्फमध्ये" असं ऐकलं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत तसंच पोचवलं. तेव्हापासून ते गल्फकाका. रोज सकाळी डबा घेऊन कंपनीच्या बसला उभा राहणारा आणि दिवेलागणीला परत येणारा माणूस आखातात नोकरीला कसा असेल, हा प्रश्न कुणाला पडला नाही. तळमजल्यावरच्या आजी त्यांना अडवून सांगायच्या, "पुढच्या खेपेला खजूर आणा हो. बिनबियांचे."

आणि हे आणायचे! स्टेशनाजवळच्या दुकानातून आणायचे आणि गंभीरपणे द्यायचे.

"अहो, सांगून टाका ना एकदा," मी म्हणायची.

"काय सांगू? गोल्फचे क्लब बनवतो म्हणून? क्लब म्हटला की लोकांना पत्ते आठवतात. घरात लग्नाची मुलगी होती तेव्हा. त्यापेक्षा गल्फ बरं."

त्यामुळे क्लबला ते शेवटपर्यंत काठी म्हणत. इतर घरांत दिवाळीला कंपनीची मिठाई यायची. यांच्याकडून आम्हा सगळ्यांना नळ्या यायच्या. तपासणीत नापास झालेल्या, टोकाला डोकं न बसवलेल्या काठीच्या नुसत्या चकचकीत नळ्या. गॅलरीत उंच बांधलेल्या दोरीवर कपडे टाकायला त्या इतक्या सोयीच्या होत्या की थोड्याच वर्षांत इमारतीतल्या बांबूच्या काठ्या नाहीशा झाल्या. आमच्या गॅलऱ्यांतून लुगडी, चादरी आणि शाळेचे गणवेश वर चढवणारी ती काठी परदेशात कुणीतरी मखमली हिरवळीवर वापरतं, हे माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं असायचं, कोलशायर.

ते स्वतः गोल्फ कधी खेळले नाहीत. मैदानावर गेले एकदाच, नव्या काठ्या दाखवायला मालकांबरोबर. हिरवळीच्या कडेला पोचल्यावर यांनी चपला काढल्या आणि हातात घेतल्या. मालक चिडले. हे म्हणाले, "एवढं सारवल्यासारखं ठेवलंय. चपला घालून कसं जायचं?" आणि अनवाणीच गेले. ही हकिगत काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला सांगितली आणि वर म्हणाल्या, "बघा ना. घरात मात्र चपला घालून स्वयंपाकघरापर्यंत येतात."

खेळ समजावून सांगायची त्यांची एक पद्धत होती. "विटीदांडूच आहे हो. फक्त उलटा. आपण जमिनीत गल खणतो, तिच्यावर विटी ठेवतो आणि दांडूने कोलून बाहेर उडवतो. ते लोक बाहेरून मारत मारत गलीत घालतात. एवढाच फरक. बाकी सगळा श्रीमंती थाट."

नोकरीतून निवृत्त झाल्यावरही ते आठवड्यातून दोनदा कोलशेतला जायचे. संस्थापक शेठ वारले होते आणि कारभार त्यांच्या मुलीकडे होता. ती यांना काकाच म्हणायची. एक दिवस हे तिला घेऊन माझ्या घरी आले. मी कॉलेजात इतिहास शिकवला, तोही मराठ्यांचा. गोल्फशी माझा संबंध कपडे वाळत घालण्यापुरता.

"बाई, कंपनी विकतोय आम्ही," ती सरळ म्हणाली. "कोलशेतची जागा वेगळी जाणार, तिथे टॉवर होतील. धंदा दुसरे लोक घेतायत. आमचे तीन ब्रँड आहेत. त्यांना तीन नकोत, एकच ठेवणार. कुठला ते ठरवायला प्रत्येक नावाची हिस्ट्री मागितलीये. काका म्हणाले, तुम्ही लिहाल."

"लिहितील," हे म्हणाले. "बाई खोटं लिहीत नाहीत."

इथपर्यंत सगळं छान होतं.

कंपनीचा इतिहास मला लवकर कळला, कारण तो मालकीणबाईंनी, म्हणजे शेठच्या मुलीने, सांगितला. शेठ आधी छत्र्यांचे दांडे बनवायचे. मग एका परदेशी व्यापाऱ्याने विचारलं, एवढी सरळ नळी काढता तर गोल्फसाठी काढाल का? तिथून नळ्या, मग लोखंडी डोकी, मग रबरी मुठी आणि शेवटी पूर्ण काठी. बरीच वर्षं माल इथला आणि शिक्का दुसऱ्याचा, असं चाललं. मग शेठना आपला शिक्का हवासा वाटला, आणि नाव शोधायचं काम पडलं टायपिस्ट म्हणून लागलेल्या या गृहस्थांवर, कारण ऑफिसात इंग्रजी शब्दकोश फक्त त्यांच्या टेबलावर असे.

त्यांनी तीन नावं दिली. चेंडू मारत मारत पुढे नेण्याच्या लोखंडी काठ्यांना कोलशायर. शेवटी चेंडू हळूच खळग्यात ढकलण्याच्या काठीला टेम्बी. नवशिक्यांच्या स्वस्त पिशव्या-चेंडूंना डॉम्बर्ली.

टेम्बी कुठून आलं हे ठाण्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. शेठचं घर टेंभी नाक्यावर होतं. डॉम्बर्लीही उघड आहे. गंमत अशी की ब्रिटनमधल्या वेल्समध्ये जवळपास टेम्बीच्याच नावाचं एक समुद्रकाठचं गाव आहे. एकदा तिकडचा एक खरेदीदार कोलशेतला आला आणि नाव वाचून हळवा झाला. म्हणाला, लहानपणी दर सुट्टीत आम्ही तिथे जायचो. यांना वाटलं, टेंभी नाक्याबद्दल बोलतोय.

"हो का? नवरात्रात आलेलात का कधी? नवरात्रात या. पाय ठेवायला जागा नसते."

तो म्हणाला, तेव्हाही गर्दी फार असायची. दोघं बराच वेळ अगदी एकमताने बोलत बसले होते म्हणे.

राहिलं कोलशायर. आणि तिथेच माझं घोडं अडलं.

"काका, हे नाव कसं सुचलं?"

मी त्यांच्या घरी वही उघडून बसले होते. त्यांनी टेबलावरची पट्टी उचलली. उभे राहिले. टाकीकडे बघितलं.

"सांगतो. लिहा, पण आत्ता नको."

हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. पेन उघडलं की ते हे म्हणायचे. आधी चहा होऊ दे, आधी पंखा कमी करा, आधी अमुक एका माणसाला विचारून खात्री करतो. पेन बंद केलं की बोलत सुटायचे आणि उघडलं की थांबायचे. विद्यार्थ्यांनी इतकी वर्षं माझा जेवढा अंत पाहिला नाही तेवढा या एका माणसाने पाहिला.

पहिल्यांदा त्यांनी सांगितलं की फार पूर्वी एक स्कॉटिश कप्तान ठाण्याच्या खाडीवर होता. जाताना तो काठ्यांची पिशवी एका घरी ठेवून गेला आणि पिशवीवर त्याच्या गावाचं नाव होतं, कोलशायर. मी हे खरं धरून वाचनालयात जाऊन बसले. नकाशे काढले, जुने कोश काढले. असं गावच नाही.

"नाहीये? मग बुडालं असेल," हे शांतपणे म्हणाले.

पुढच्या भेटीत कप्तान गायब. आता म्हणे शेठच्या ज्योतिषाने सांगितलं होतं की नाव 'के'वरून हवं आणि इंग्रजीत आठ अक्षरांचं हवं. मी मोजली. आठच भरली. माझा अर्धा विश्वास बसला आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्याच्या पुढे तिसरं. "बाई, खरं सांगू? कोलणे. विटी कोलणे. आपला अस्सल मराठी शब्द साहेबाच्या बॅगेत घालून पाठवला मी. लिहा हे."

मी पेन उघडलं.

"पण आत्ता नको."

त्या दिवशी मी पेन खाली आपटलं. माझ्याच पेनाचं टोपण तुटलं.

"काका, इतिहास असा होत नसतो. एका नावाला तीन जन्म नसतात. कोलशेतमध्ये कारखाना, म्हणून कोलशायर, हे शेंबडं पोरही सांगेल. मी तेवढंच लिहिणार आहे."

"तसं लिहिलंत तर मेलं ते नाव," ते म्हणाले. पहिल्यांदाच उभे न राहता, खुर्चीत बसल्या बसल्या. "कारखाना कोलशेतमधून चाललाय. मग कोलशेतचं नाव कशाला ठेवतील ते?"

मला वाटलं, म्हातारपणी माणसं हट्टी होतात तसे झालेत. मी वही मिटली. काकू आतून म्हणाल्या, "बाई, तुम्हाला तीनच गोष्टी सांगितल्या का? मला सहा माहिती आहेत."

उलगडा झाला तो मालकीणबाईंच्या एका फोनमुळे. त्या वैतागल्या होत्या.

"बाई, काका मला रोज फोन करतात. नवे लोक कसे आहेत, काय आवडतं, घरात कोण मोठं आहे. आधी मी म्हटलं, त्यांना फॉरेनचं वेड आहे. मग कळलं त्यांचे वडील खूप देवभोळे, दहा बोटांत अंगठ्या. आता ऐकतेय, मुलाला सगळं देशी हवंय, आपली संस्कृती वगैरे. काकांना हे सगळं कशाला पाहिजे, तुम्हीच विचारा ना."

विचारायची गरज नव्हती. परदेशाचं वेड, म्हणून कप्तान. अंगठ्या, म्हणून ज्योतिषी. देशी, म्हणून विटीदांडू. मी ताडताड खाली उतरले. ते गॅलरीत होते आणि हातात वर्तमानपत्राची गुंडाळी होती.

"तुम्ही मला मूर्ख बनवलंत."

"नाही हो," ते म्हणाले. "तुम्हाला खेळ माहिती नाही म्हणून तसं वाटतं. पिशवीत इतक्या काठ्या का असतात? चेंडू कुठे पडलाय ते बघून काठी काढायची. वाळूत पडला तर वेगळी, गवतात पडला तर वेगळी. मी बघत होतो, चेंडू कुठे पडलाय."

"आणि मी कोण? तुमची काठी?"

ते ओशाळले. गुंडाळी उलगडून वर्तमानपत्राची घडी घालत बसले. मग हळूच म्हणाले, "लोक घर बांधतात. कुणाचा मुलगा मोठा साहेब होतो. मी नोकरीभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. त्यात स्वतःचा म्हणून एकच शब्द केला. तुम्ही एवढं शिकवलंत बाई, शब्द केलात का कधी एखादा? जगात नव्हता आणि तुम्ही केलात म्हणून आला, असा?"

राग गेला नव्हता, पण त्याला बसायला जागा उरली नव्हती.

"टेम्बी पण तुमचाच ना? डॉम्बर्ली?"

"ते नुसते कपडे बदलले हो. टेंभीला टाय लावला, डोंबिवलीला हॅट घातली. कोलशायर तसं नाही." मग कसं आहे, मी विचारलं. "सांगीन. निकाल लागू दे."

मी माझ्या पद्धतीने लिहून दिलं. कोलशायरच्या पानावर लिहिलं, कोलशेत या स्थळनामावरून असावं. 'असावं' हा शब्द मी त्यांच्यासाठी घातला. माझ्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं. त्यांनी वाचलं आणि 'असावं'वर बोट ठेवून म्हणाले, "हे बरं केलंत."

निकाल सांगायला मालकीणबाई स्वतः आल्या. मला त्यांनी आधीच बोलावून घेतलं होतं, एकटीने सांगायचा धीर होत नव्हता म्हणून. काकूंनी पोहे केले होते. कुणी हात लावेना.

"काका, टेम्बी ठेवतायत."

यांनी पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"त्यांनी नेटवर टाकून बघितलं. ते समुद्राचं गाव आलं ना, फोटोबिटो छान आले. म्हणाले, रेडीमेड हिस्ट्री मिळतेय. आमचं पुस्तक त्यांनी वाचलंच नाही काका. सॉरी. बाई, तुम्हालाही सॉरी." त्यांना रडू आलं. "कोलशायर टाकलं तर काहीच येत नाही म्हणाले."

म्हणजे टेंभी नाका जिंकला होता, तोही वेल्सचा म्हणून. आणि ज्या नावाला जगात दुसरं कुणी नव्हतं ते तेवढ्याचसाठी हरलं होतं. इतक्या संध्याकाळी घालवून, टोपण मोडून, नकाशे धुंडाळून मी लिहिलेलं त्यातलं एक पानही कुणी उलटलं नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं. कुणावर, ते मात्र कळत नव्हतं.

काका उठले. कोपऱ्यातली कपड्यांची काठी घेतली. दोन्ही हातांत धरली, गुडघे वाकवले. आम्ही तिघी बघत होतो.

"म्हणजे कोललं आपल्याला," ते म्हणाले.

काकूंना आधी हसू फुटलं. मग मालकीणबाईंना, रडता रडता. कोलणे म्हणजे विटी उडवणे, आणि आमच्याकडच्या बोलण्यात एखाद्याला हिंग लावूनही न विचारता उडवून लावणं म्हणजेही कोलणेच. आपल्याच शब्दाने आपल्याला कोललं, हे त्यांना फारच पसंत पडलं असावं. डोळे पुसत ते बराच वेळ हसत होते. निदान मी तरी ते हसणंच धरलं.

मालकीणबाई गेल्यावर ते माझ्यासमोर बसले.

"आता लिहा, बाई."

माझ्याकडे पेन नव्हतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाले, "मग ऐका. शेठ म्हणाले, संध्याकाळपर्यंत विलायती नाव दे. शब्दकोश चाळला, एकही धड नाव नाही. खिडकीबाहेर बघितलं तर समोर रस्त्याची पाटी, कोलशेत. रोज दिसायची. त्या दिवशी नुसतं 'कोल' दिसलं. लहानपणी आमच्या चाळीसमोर मोकळं होतं तिथे आम्ही खेळायचो. माझा नंबर आला की सगळे ओरडायचे, कोल, कोल! मी उभाच राहायचो. विटीकडे बघत. मारायची भीती वाटायची हो. चुकली तर पोरं हसतील. मग कुणीतरी दांडू काढून घ्यायचं." त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. "शेठना वाटलं पाटीवरून घेतलं. पाटीवरूनच घेतलं म्हणा ना. पुढे 'शायर' जोडलं आणि कागद दिला त्यांच्या हातात. तेवढा एकच मारला मी."

म्हणजे माझंही बरोबर होतं आणि त्यांचंही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? मी तसं विचारलं.

"पहिल्या दिवशी लिहून मोकळ्या झाला असतात. मग रोज संध्याकाळी कोण आलं असतं?"

आता अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. श्वासाचा त्रास वाढला, मग दवाखाना, मग घरी आणलं. दिवसकार्य झाल्यावर मी वर येत होते तर तळमजल्यावरच्या आजींनी माझा हात धरला. "गल्फला गेलेला माणूस," त्या म्हणाल्या, "पण शेवटी घरी येऊन गेला हो. असं भाग्य लागतं." मी इतिहासाची शिक्षिका. चूक दुरुस्त करणं हा माझा स्वभाव आहे. त्या दिवशी नाही केली.

कोलशेतचा कारखाना आता पाडला आहे. पत्र्यांच्या मागे खोदकाम चालू असतं. नव्या मालकांनी टेम्बीबद्दल एक छापील पान काढलं आहे, त्यावर समुद्र आहे. कोलशायर विकत मिळत नाही. आहेत त्या काठ्या आमच्या इमारतीत, प्रत्येक गॅलरीत एकेक.

काकू सकाळी त्यांच्या गॅलरीत कपडे वाळत घालतात तेव्हा मी माझ्या गॅलरीत असते. आम्ही फारसं बोलत नाही. ओल्या कपड्यांनी घासून घासून माझ्या काठीवरची इंग्रजी अक्षरं गेली आहेत. पहिली तीनच उरलीत. कोल. मी काठी दोन्ही हातांत धरते, टाकीकडे बघते. आधी नीट उभी राहते. मग चादर वर टाकते.